भाड्याने दिलेले डोके

ज्योतिषी मोठे सावध असतात. याच अंकात पुढे कुठेतरी वार्षिक राशिभविष्य असेल, ते उघडून पाहा. 'वर्षाच्या उत्तरार्धात प्रवासयोग संभवतो.' 'जुने येणे वसूल होण्याची शक्यता.' 'पोटाचे विकार सांभाळावेत.' यात तारीख नाही, रक्कम नाही, आणि पोट तर प्रत्येकालाच आहे. तेव्हा ऐन फराळाच्या दिवसांत हे भविष्य खोटे ठरण्याची बिशाद नाही. भविष्यकाळावर चित्रपट काढणाऱ्या मंडळींना मात्र आकड्याचा मोह आवरत नाही. खेळ सुरू होतो न होतो तोच पडद्यावर ठसठशीत अक्षरांत साल येते. मग ते साल एके दिवशी खरोखरीच उजाडते, आणि आपल्यासारखी माणसे चिवड्याची बशी मांडीवर घेऊन त्या चित्रपटाची झडती घ्यायला बसतात.

'जॉनी निमॉनिक' हा अशा झडतीत पुरता सापडलेला चित्रपट. २६ मे १९९५ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि त्याने साल सांगितले २०२१. ते साल आपण सर्वांनी पाहिले आहे. कसे पाहिले, ते सांगायला नको. गेल्या सुटीत आमच्या घरी हा चित्रपट लागला तो आमच्या चिरंजीवांच्या आग्रहामुळे. चिरंजीव बारावीत आहेत, आणि कियानू रीव्ह्ज या नटाने जे जे केले ते ते पाहायचेच, असा त्यांचा नेम आहे. (हा नेम भौतिकशास्त्राला लावला असता तर! पण असो.)

'निमॉनिक' या शब्दाला दचकू नका. लक्षात ठेवण्याची युक्ती, एवढाच त्याचा अर्थ. इंद्रधनुष्याचे रंग आपण 'ता ना पि हि नि पा जा' म्हणून पाठ केले, ते आपले घरगुती निमॉनिकच. या चित्रपटातला जॉनी लक्षात ठेवण्याचाच धंदा करतो. फक्त दुसऱ्यांच्या गोष्टी. त्याच्या मेंदूत एक यंत्र बसवलेले आहे. ज्यांना तारेवर किंवा बिनतारी पाठवण्यात धोका वाटतो अशी गुपिते लोक त्याच्या डोक्यात भरतात, तो विमानाने दुसऱ्या गावी जातो, तिथे ती उपसून घेतली जातात. आत काय आहे हे त्याला स्वतःलाही कळत नाही. हमालाला पेटीतले दागिने कुठे दिसतात! आणि या यंत्राला जागा हवी म्हणून त्याने आपले बालपण पुसून टाकलेले आहे. शाळा, घर, आई, सगळे.

हे शेवटचे वाक्य कृपा करून ध्यानात ठेवा. चित्रपटवाले ते विसरले आहेत.

जॉनीच्या डोक्याची क्षमता किती? ८० गिगाबाइट. एक उपकरण लावून ती तो १६० करून घेतो. बीजिंगच्या एका हॉटेलात काही शास्त्रज्ञ त्याला माल देतात, तो निघतो ३२० चा. जॉनीला पैशाची निकड आहे. बालपण परत मिळवायची शस्त्रक्रिया फार महाग आहे. तो खोटेच 'मावेल' म्हणतो आणि भरून घेतो. आता ठरल्या वेळात डोके रिकामे झाले नाही तर मेंदूचा निकाल. हा प्रसंग मोठ्या भयाचा असावा अशी दिग्दर्शकाची इच्छा. आकडा चढतो, संगीत चढते, नायक दात आवळतो. आणि आमचे चिरंजीव खो खो हसत सुटले. नखाएवढ्या कार्डात आता एक टेराबाइट मावते. म्हणजे जॉनी जे डोक्यात घेऊन मरणाच्या दारात गेला, तसली तीन ओझी त्या कार्डात बसतील आणि वर आमच्या भाचीच्या लग्नाचे फोटो राहतील.

या एकाच आकड्याने अर्धा चित्रपट कोसळतो. उरलेल्याला बाकीची सामग्री पाडते. गुपिताला कुलूप म्हणून दूरदर्शनसंचावरून उचललेली तीन चित्रे वापरली आहेत. ती पलीकडे न्यूआर्कला पाठवायची, तर कशाने? फॅक्सने. गुंड आत घुसतात तेव्हा सारे रहस्य त्या यंत्राच्या सरकत्या कागदात अडकलेले. एके ठिकाणी नायक डोळ्यांवर चष्म्यासारखे अवजड यंत्र आणि हातांत मोजे चढवून इंटरनेटमध्ये शिरतो. पडद्यावर रंगीबेरंगी ठोकळे फिरतात, आणि नायक हवेत असे हात फिरवतो की पाहणाऱ्याला वाटावे, हा अदृश्य सोऱ्यातून चकल्या पाडतो आहे. त्या काळात ते पाहून लोकांचे डोळे विस्फारले असतील. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले तेच मुळी त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ पासून. पण त्या वेळी जे नवलाचे म्हणून मुद्दाम पुढे मांडले, तेच आज सगळ्यांत शिळे झाले आहे.

आता मौज पाहा. हा चित्रपट काही अडाण्यांनी काढलेला नव्हता. मूळ कथा आणि पटकथा दोन्ही विल्यम गिब्सन यांची. 'सायबरस्पेस' हा शब्द ज्या लेखकाने रूढ केला, तेच हे गृहस्थ. त्यांची 'न्यूरोमॅन्सर' ही १९८४ ची कादंबरी या प्रकारातली मातब्बर कादंबरी समजली जाते, आणि ती त्यांनी साध्या टंकलेखनयंत्रावर लिहिली होती. 'जॉनी निमॉनिक' ही त्यांची कथा त्याहून जुनी, १९८१ ची. त्या कथेतला जॉनी डोक्यात काही शे मेगाबाइटच वाहतो! म्हणजे चौदा वर्षांत जॉनीचा माल मेगाबाइटवरून गिगाबाइटवर गेला. पण कथा वाचताना आकड्यावर आपण थबकत नाही, कारण कथेचा जीव त्या आकड्यात नाही. तो तिच्या काळोख्या, दमट, चोरबाजारी हवेत आहे. दिग्दर्शक रॉबर्ट लाँगो हाही मुळातला चित्रकार. सूटबूट घातलेली, अंग पिळवटून जणू कोसळणारी माणसे त्याने कोळशाने काढली, त्या चित्रांनी त्याचे नाव झाले. जॉनीचा काळा सूट आणि त्याचे आखडलेले खांदे पाहिले की ती चित्रे आठवतात. असे दोघे एकत्र आल्यावर काही तरी चांगले व्हायला हवे होते.

झाले ते असे. या दोघांना मुळात दीडदोन दशलक्ष डॉलरांत छोटासा चित्रपट करायचा होता. एवढ्या थोड्या पैशाला कोणी हात पुढे करीना. मोठा आकडा सांगितल्यावर मात्र दारे उघडली, आणि चित्रपट २ कोटी ६० लाख डॉलरांचा झाला. आपल्याकडेही लहान कर्जासाठी माणसाला बँकेत हेलपाटे घालावे लागतात आणि मोठ्या कर्जासाठी चहा येतो. तेव्हा यात नवल नाही. पण मोठा पैसा एकटा येत नाही, तो आपली माणसे आणि आपल्या आवडीनिवडी बरोबर आणतो. त्यातच १९९४ साली 'स्पीड' हा चित्रपट धो धो चालला आणि कियानू रीव्ह्ज एका उन्हाळ्यात मोठा नट झाला. आता पैसेवाल्यांना तसलाच धावपळीचा, धडाक्याचा चित्रपट हवा झाला. अमेरिकेत दाखवलेली प्रत त्यांनी आपल्या मताने कापली, संगीतही निराळे घातले. जपानात गेलेली प्रत हिच्याहून लांब आहे. एवढे करून अमेरिका आणि कॅनडा मिळून तिकिटांचे आले १ कोटी ९० लाख डॉलरांच्या आसपास. खर्चही निघाला नाही.

मग पडद्यावर काय काय येते म्हणता? अंगठ्यातून प्रकाशाचा दोरा काढून माणसे चिरणारा गुंड. एक दाढीवाला धर्मोपदेशक, जो खरे म्हणजे अर्धे यंत्र आणि पुरा मारेकरी. हे काम डॉल्फ लुंडग्रेन या धिप्पाड नटाने असे केले आहे की सबंध चित्रपटात मनापासून रमलेला तो एकटाच दिसतो. पुलावर वस्ती करून राहिलेले बंडखोर. आणि त्या बंडखोरांकडे एक डॉल्फिन मासा आहे (मासा नव्हे, सस्तन प्राणी; चिरंजीवांनी लगेच दुरुस्त केले), तो नौदलातून निवृत्त होऊन आता गुप्त लिपी फोडतो. मूळ कथेतही हा डॉल्फिन आहे आणि तिथे त्याची कीव येते. इथे तो आला तेव्हा आमच्या घरात कोणीच काही बोलले नाही. जपानचा ताकेशी कितानो, जो स्वतः उत्तम दिग्दर्शक आहे, त्याला आजारात मुलगी गमावलेल्या बापाची भूमिका दिली आहे. दोनचार क्षण तो नुसता मुलीच्या प्रतिमेकडे पाहत बसतो आणि चित्रपट एकाएकी मोठ्या माणसांचा वाटू लागतो. पण लगेच कोणी तरी दार फोडून आत येते.

या चित्रपटाची बाजू घेणारे हल्ली म्हणतात, 'पण त्याने २०२१ मध्ये जगभर साथ असेल हे सांगितले होते ना!' सांगितले होते खरे. चित्रपटातली साथ मज्जातंतूंची आहे. सगळीकडे विजेची उपकरणे, त्यांच्या लहरी आणि माहितीचा भडिमार यांनी माणसाचे अंग थरथरू लागते. जॉनीच्या डोक्यात भरलेला माल म्हणजे याच रोगावरचा उपाय, आणि एक बलाढ्य औषध कंपनी तो दडपू पाहते, कारण रोग बरा करण्यापेक्षा रोग्याला औषधे विकत राहणे किफायतशीर. एक डॉक्टर भोवतालच्या यंत्रांकडे बोट दाखवून ओरडतो की या सगळ्यांनी हे केले. त्या वेळी चिरंजीवांनी हातातला फोन पालथा घातला. दोन मिनिटांनी पुन्हा उलथला. तरीही या भाकितासाठी मी चित्रपटाला गुण द्यायला तयार नाही. साथ येते हे सांगायला द्रष्टा कशाला लागतो? साथीत माणसे घरात कशी कोंडली जातात, एकमेकांच्या दाराशी काय ठेवून जातात, कोणाला शेवटचे पाहता आले नाही याची बोच कशी राहते, हे यात कुठे आहे? इथे रोग आहे तो नायकाला घाई व्हावी म्हणून.

शिवाय नुसती भाकिते चुकली म्हणून चित्रपट म्हातारा होतो, हेही मला पटत नाही. १९८२ सालचा 'ब्लेड रनर' घ्या. त्याने २०१९ हे साल सांगितले आणि त्यात उडत्या मोटारी दाखवल्या. २०१९ मध्ये आपण खड्ड्यांतून दुचाकी चालवीत होतो. त्यात पॅन अ‍ॅम या विमान कंपनीची मोठी जाहिरात झळकते आणि ती कंपनी १९९१ सालीच बुडाली. पण कोणी हसत नाही. कारण त्यात रेचल नावाची एक मुलगी आहे. तिला वाटते आपण माणूस आहोत; पुरावा म्हणून ती आईबरोबरचा लहानपणीचा फोटो दाखवते, आणि तिला सांगण्यात येते की त्या आठवणी तुझ्या नव्हेत, दुसऱ्या कोणाच्या तरी तुझ्यात घातल्या आहेत. तिचा चेहरा पाहताना मोटारी उडतात की चालतात याची कोणाला शुद्ध राहते?

जॉनीची गोष्ट याच्या नेमकी उलट, आणि माझ्या मते अधिक भयंकर. रेचलला फसवले गेले. जॉनीने आपण होऊन बालपण विकले; जागेसाठी. मुंबईत एक खोली भाड्याने देता यावी म्हणून माणसे देवघर हलवतात, तसे. एवढी जबर कल्पना हाताशी असून चित्रपट तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. एकदाच, आणि बहुधा नकळत, तो तिला शिवतो. न्यूआर्कच्या उकिरड्यावर, चारी बाजूंनी कोंडीत सापडलेला जॉनी आकाशाकडे पाहून आरडाओरडा करतो की मला हे काही नको, मला खोलीवर जेवण आणून देणारे हॉटेल हवे, सँडविच हवे, थंडगार बिअर हवी, आणि टोकियोच्या इंपीरियल हॉटेलात धुतात तसे धुतलेले शर्ट हवेत. त्या भाषणाची लोकांनी फार टर उडवली. रीव्ह्ज ते म्हणतोही जरा लाकडी आवाजात. पण थांबून विचार करा: संकटात आपण काय मागतो? आईच्या हातचे काही तरी, गावचे घर, अंगणातला पार. याच्याजवळ यातले काहीच उरलेले नाही. ज्याने बालपण पुसले त्याला व्याकूळ होऊन आठवायला फक्त हॉटेलचा धोबी! चित्रपटकर्त्यांना हे उमगले असते तर तिथून पुढे निराळाच चित्रपट झाला असता.

मी मराठी शिकवते, त्यामुळे पाठांतर म्हटले की माझे मन माझ्याच घराकडे वळते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, आणि महानुभाव पंथाच्या परंपरेप्रमाणे ती पुन्हा उभी राहिली ती शिष्यांच्या स्मरणातून. हिराइसा नावाच्या साध्वीला ती मुखोद्गत होती. याच पंथाने नंतर आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बांधून ठेवले, ते थेट इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचे कोडे सोडवीपर्यंत. डोक्यात ठेवलेले धन आणि वर गुप्त लिपीचे कुलूप. जॉनीची सगळी सामग्री इथे आहे. पण हिराइसेने ती पोथी मावावी म्हणून स्वतःतले काही पुसले नव्हते. तिला ठाऊक होते की आपण काय सांभाळतो आहोत. वर्गात हे सांगितले की पहिल्या बाकावरचे मूल विचारते, 'बाई, परीक्षेला आहे का?'

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, त्या रात्री आमच्याबरोबरच बसले होते. अण्णांचे वय चौऱ्याऐंशी. सारा जन्म रेल्वेच्या टपाल खात्यात गेला. धावत्या गाडीत उभे राहून टपाल लावायचे. कोणते खेडे कोणत्या कचेरीखाली, कोणती थैली कोणत्या स्टेशनावर उतरवायची, हे शेकड्यांनी तोंडपाठ. दुसऱ्यांचा मजकूर आणि यांचे डोके, म्हणजे एका अर्थी जॉनीचाच धंदा. गेली दोन वर्षे त्यांचे विसरणे वाढले आहे. चहा झाला की नाही हे आठवत नाही. मधूनच मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारतात. मी 'ओ' देते. डॉक्टर सांगतात, यात ताजे आधी जाते, जुने उशिरा. कऱ्हाडच्या घरातला माजघराचा उंबरठा, आईचा नऊवारीचा रंग, हे अजून सगळे जागच्या जागी आहे. त्या उंबरठ्याचीही पाळी कधी तरी येईल, हे आम्हा घरच्यांना ठाऊक आहे. त्याविषयी आम्ही बोलत नाही.

अण्णांना चित्रपटातले इंग्रजी पुरते कळत नव्हते आणि गोळीबार नकोसा होत होता. चिरंजीव त्यांना कथानक सांगत होते. 'आजोबा, त्याने ना, डोक्यात जागा करायला लहानपणच डिलीट केलं.' अण्णा बराच वेळ गप्प राहिले. डॉल्फिन येऊन गेला, मारामारी झाली. मग ते मला म्हणाले, 'अगं, पण त्या मुलाची आई कुठे आहे? ती शोधत असेल की.'

माझ्यापाशी उत्तर नव्हते. दीड तासाच्या त्या चित्रपटातही, हा प्रश्न कोणाला पडला आहे असे कुठे वाटत नाही. शेवटी जॉनीच्या डोक्यातले ओझे निघते आणि बालपणाचे चार तुकडे परत येतात. आगगाडीच्या खिडकीतून स्टेशन जावे तसे ते जातात. कारण दिग्दर्शकाला पुढे औषध कंपनीची इमारत जळताना दाखवायची आहे.

२०२२ मध्ये लाँगोने याच चित्रपटाची कृष्णधवल प्रत काढली. ती मी नंतर एकटीने पाहिली. रंग गेल्यामुळे बरेच काही सुधारते, हे मान्य केले पाहिजे. भडक निळेजांभळे दिवे जातात, प्लॅस्टिकची खेळणी वाटणारी यंत्रे सावलीत दडतात, न्यूआर्कचा उकिरडा कोळशाच्या चित्रासारखा दिसू लागतो. चित्रकाराला आपले चित्र थोडे तरी परत मिळाले. मात्र बालपणाचे तुकडे तेवढेच राहिले आहेत. १९९९ साली 'मेट्रिक्स' आला. त्यातही हाच नट, तोच काळा सूट, डोक्यात खुपसलेली तशीच तार. लोकांनी तो डोक्यावर घेतला आणि हा पार विसरले. त्याबद्दल मला फारशी हळहळ नाही.

एक मात्र सांगायचे राहिले. शेवटाला, रोगाचा उपाय जगजाहीर करण्याची वेळ येते तेव्हा, ते बंडखोर दूरदर्शनवरून सगळ्या जगाला सांगतात, की आपापले व्ही.सी.आर. लावा आणि हे उतरवून घ्या. २०२१ साली! चिरंजीवांनी विचारले, 'व्ही.सी.आर. म्हणजे काय गं आई?' मी सांगणार तोच अण्णा खुर्चीत सावरून बसले. म्हणाले, 'मी सांगतो.' कॉलनीत गणपतीला वर्गणी काढून एका रात्रीपुरता तो कसा भाड्याने आणला, दुकानदाराने अनामत किती घेतली, सतरंज्या कोणाच्या घरच्या, तिसऱ्या चित्रपटाला वीज गेली तेव्हा कोण कोण झोपले होते आणि कोणाच्या मुलाला उचलून कोणी घरी नेले, हे त्यांनी नावानिशी सांगितले. सांगून झाल्यावर विचारले, 'चहा झाला का गं माझा?' रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी आधण ठेवले.